पुढे केलेला पाय

आमच्या घरात मारामारी कुणाच्याच अंगात नव्हती. बाबांनी आयुष्यात एकदाच हात उगारला होता, तोही पुण्यात रिक्षा थांबवायला, आणि रिक्षा थांबली नव्हती. अशा घरातली मी एका कोरियन म्हाताऱ्याकडून लाथा मारायला शिकले, हे माझ्या मुलीला आजही खरं वाटत नाही. "मम, यू कान्ट ईव्हन किक अ बॉल," असं ती म्हणते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. माझे गुडघे आता जिना उतरतानाच इतकं बोलतात की मला वेगळं काही सांगावं लागत नाही. तरी सांगते, कारण ते लाथांचं शिक्षण जमलं नाही एवढीच ती गोष्ट नाही. ती आईची गोष्ट आहे.

तेव्हा आम्ही हॅरिस पार्कला राहायचो. विटांची तीन मजली इमारत, पहिल्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट, आणि स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणावर उघडणारी. अंगणाच्या मध्यावर कपडे वाळत घालायचं ते इथलं यंत्र, उलट्या छत्रीसारखं, वाऱ्याने आपोआप गोल फिरणारं. प्रत्येक फ्लॅटला त्याचा वार वाटून दिलेला होता. आमचा शनिवार. संध्याकाळी पांढरे काकाकुवा झाडावर येऊन असे भांडायचे की पुण्यातल्या सोसायटीच्या मीटिंगची आठवण यावी. पलीकडून ट्रेन जायची. शेजारच्या बाल्कनीत पंजाबी पोरं हिंदी गाणी लावायची. आवाज सगळे बाहेर होते. आमच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा व्हायची नाही. ती व्हायच्या बेतात आली की आई गॅस बारीक करायची.

याचं कारण रेवाताई. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी माझी बहीण. पुण्यात असतानाच तिला ताप आला आणि आठवड्याच्या आत ती गेली. त्यानंतर बाबांनी कधीपासून अडगळीत पडलेले व्हिसाचे कागद बाहेर काढले आणि आम्हा दोघींना घेऊन सिडनीला आले. घर बदललं, देश बदलला की आई सावरेल, असं त्यांना वाटलं असावं. दुःखाला व्हिसा लागत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नसणार; ते कॉम्प्युटरवाले होते, त्यांना सगळं बंद करून परत चालू केलं की ठीक होतं असा अनुभव होता.

आई पुण्यात मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप चालवायची. झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, घागर फुंकणं, सगळं. आणि फुगडी. आई आणि ताईची फुगडी बघायला पलीकडच्या सोसायटीतून बायका यायच्या. दोघी हात अडकवून मागे रेलायच्या, तोंडाने ठेक्यात श्वास फोडत पकवा घालत गरगर फिरायच्या, आणि दोघींच्या वेण्या आडव्या उडायच्या. मला मात्र त्या सुपालाही हात लावू देत नसत, कारण मी ते हमखास कुणाच्या तरी पायावर पाडायची. मला ढब्बू हे नाव ताईनेच ठेवलं होतं. ते मिरचीवरून होतं आणि समर्पक होतं.

सिडनीत आल्यावर आई सगळं करायची. पोळ्या गरम, डबे वेळेवर, कपड्यांना इस्त्री. पण गुणगुणणं गेलं, हसणं गेलं, वरच्या पट्टीत हाक मारणं गेलं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका मंगळागौरीला बोलवायला आल्या तेव्हा "पाय दुखतात हो," एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघायची ती माझ्या मागे कुणीतरी उभं असल्यासारखी बघायची. मी एकदोनदा खरंच मागे वळून पाहिलं. मला तेव्हा चौदावं लागलं होतं आणि जगात एकच गोष्ट हवी होती, तिने माझ्याकडे बघावं. त्यासाठी मी परीक्षेत चांगले मार्क मिळवून पाहिले, वाईट मिळवून पाहिले, जिन्यावरून पडूनही पाहिलं. तेवढं शेवटचं मुद्दाम नव्हतं.

बेक अप्पा आमच्या खालीच राहायचे. त्यांची मुलगी सुनी स्टेशनजवळ लाँड्री चालवायची. ती त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. "त्यांच्यातही अप्पाच म्हणतात!" हे बाबा ऑफिसात आठवडाभर सांगत होते. एका शनिवारी बाबांनी खिडकीतून पाहिलं की हा सत्तरीचा माणूस अंगणात डुलत डुलत चालतोय आणि मधेच आमच्या वाळत घातलेल्या टॉवेलच्या टोकाला पायाने हलकेच टपली मारतोय. टॉवेल आमचा होता, पण बाबांना राग आला नाही. त्यांना साक्षात्कार झाला. ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं तायक्वांदोला जात होती. कुणाचा पिवळा पट्टा झाला होता, कुणाचा हिरवा. आपली मुलगी मात्र स्टेशनवरून एकटी चालत येते आणि तिला साधं पळताही येत नाही.

मग बाबांनी त्यांना माहीत होतं ते सगळं यथासांग केलं. स्टीलच्या ताटात नारळ, शेला आणि पेढे घेऊन, मला पुढे घालून, बेक अप्पांचं दार वाजवलं. "गुरुजी, माय डॉटर. प्लीज." आणि मला त्यांच्या पाया पडायला लावलं. अप्पांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं, कमरेतून वाकून नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. आपल्याकडे नारळ देऊन माणसाला नोकरीवरून घरी पाठवतात. बाबांनी नारळ देऊन एका निवृत्त माणसाला नोकरीला लावलं. नंतर सुनीने सांगितलं, "अप्पाला वाटलं, तुमच्यात नवीन शेजाऱ्याला हे देतात. पुढच्या शनिवारी तू ट्रॅकसूट घालून दारात. अप्पा म्हणाला, दारात आलेली मुलगी परत कशी पाठवायची?"

तर असा माझा वर्ग सुरू झाला. ते तायक्वांदो नव्हतंच. तेक्क्यॉन नावाचा त्याहून जुना खेळ होता. त्यात ठोसे नाहीत, पांढरा ड्रेस नाही आणि, बाबांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, पट्टा नाही. जमिनीवर मनातल्या मनात त्रिकोण आखायचा आणि त्याच्या टोकांवर पाय टाकत राहायचं, एक पुढे, एक मागे. प्रत्येक पावलाला गुडघा सैल सोडायचा, जणू कुणी त्यातली हवा काढतंय आणि परत भरतंय. तोंडाने "इक्! एक्!" असा पोटातून श्वास टाकायचा. हे सगळं लांबून नाचासारखं दिसतं. आणि मग त्या नाचातून अचानक पाय निघतो, समोरच्याच्या घोट्यामागे लागतो, आणि तो माणूस गवतावर बसलेला असतो, कुठेही न लागता. लागू द्यायचं नाही हाच नियम. मारायचं नाही, ढकलायचं. "नो हर्ट," अप्पा म्हणायचे. "प्ले."

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट करायची. आपला एक पाय पुढे करून समोरच्याच्या आवाक्यात ठेवायचा. हा घे माझा पाय, पाड मला. याला ते देजप म्हणायचे. सुनीने त्याचा अर्थ सांगितला, पाहुणचार. खेळायला आलेल्याला आधी काहीतरी द्यायचं, तर पाय द्यायचा. लांब उभं राहून कुणाला पाडता येत नाही.

इथेच माझी पंचाईत झाली. पुढे केलेल्या त्या पायाला माझा पाय लागला रे लागला की मी वाकून, हात लावून, नमस्कार करायची. मोठ्या माणसाला पाय लागला तर दुसरं काय करतात? ते माझ्या हातातच नव्हतं, हात आपोआप खाली जायचा. आणि मी वाकले की अप्पा खांद्याला एक बोट लावून मला पाडायचे. उठायची, पाय लावायची, वाकायची, पडायची. बाल्कनीतली पंजाबी पोरं चहा घेऊन बघायला बसायची. "बहनजी, पहले मारो, माफी बाद में!" अप्पांना वाटत होतं की हा भारतीय डावपेच आहे आणि मी तो अजून नीट शिकलेली नाही.

दोन्ही मजल्यांमध्ये एक आइस्क्रीमचा डबा फिरायला लागला. सुनीने त्यात मुळ्याची किमची दिली. बाबांनी "हे आपलं मुळ्याचं लोणचंच, फक्त रागावलेलं," असं म्हणत ती थालीपिठाशी संपवली. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून आईने त्यात शंकरपाळे भरले. मग त्यातून काहीतरी आलं, मग आमच्याकडून चिवडा गेला. डबा द्यायला आई दारापर्यंत यायची, जिना उतरायची नाही.

एकदा मात्र सुनी जिन्यात उभी राहून मला अप्पांची हकिकत सांगत होती आणि आई डबा हातात घेऊन दारात थांबली होती. पूर्वी म्हणे सणाच्या दिवशी वरचं गाव आणि खालचं गाव मैदानात जमायचं. आधी लहान मुलं खेळायची, मग मोठी, मग बाप्ये. मग परक्यांचं राज्य आलं, असं जमणं बंद झालं, आणि ज्यांना येत होतं ते विसरत गेले किंवा मरत गेले. अप्पांच्या गल्लीत एक म्हातारा उरला होता. तो अंगणात एकटाच पावलं टाकत असायचा. अप्पा तेव्हा सैन्यातून सुटून आलेले, रिकामे. सैन्यात त्यांना दुसरं शिकवलं होतं, फळ्या फोडायचं. एक दिवस सहज म्हाताऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. "अप्पा म्हणतो, त्या म्हाताऱ्याला शिष्य नको होता," सुनी म्हणाली. "समोर उभं राहायला माणूस हवा होता. हे एकट्याला येऊन उपयोग नाही. दोन लागतात."

 डबा आईच्या हातातच राहिला आणि ती आत गेली. त्या दिवशी वरणाला फोडणी द्यायची राहिली.

मग हिवाळा आला. इथला जुलै, कपडे दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत. एका शनिवारी दुपारी मी अंगणात नेहमीप्रमाणे चुकत होते. अप्पा "इक्! एक्!" करत होते आणि माझा गुडघा दारासारखा उघडत-मिटत होता. वरून ठक-ठक आवाज यायला लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. आई खिडकीत उभी होती आणि तिच्या हातातला वरणाचा डाव खिडकीच्या कडेवर अप्पांच्या पावलाबरोबर, बरोब्बर ठेक्यात पडत होता. मी वर बघितलं नाही. बघितलं तर थांबेल अशी भीती वाटली. मी आणखीच चुकले. आणि वरून हाक आली, खणखणीत, पुण्यातल्या आवाजात:

"अगं ढब्बू, गुडघ्यातून! गुडघ्यातून सोड! खांब आहेस का?"

अप्पा थांबले. वर बघून वाकले. आई खिडकीतून नाहीशी झाली.

पुढच्या शनिवारी ती कपड्यांची टोपली घेऊन खाली उतरली. एकेक कपडा इतका सावकाश वाळत घातला की बाबांचा एक बनियन तिने तीनदा झटकला. टोपली रिकामी झाली तरी ती तिथेच होती. अप्पा माझ्यासमोरून चालत तिच्यासमोर गेले आणि त्यांनी आपला पाय पुढे केला. पांढरा कॅनव्हासचा बूट, त्यावर लाँड्रीत शिवलेलं ठिगळ.

"हे काय?" आई मला म्हणाली.

"ते देतायत, आई. तू पाडायचं."

"म्हाताऱ्या माणसाला मी पाय लावू?"

"तसाच खेळ आहे."

"तुझ्या बाबांनी काय काय शोधून काढलंय!"

अप्पांचा पाय पुढेच.  आईने टोपली खाली ठेवली. पदर खोचला. मग ती वाकली आणि त्यांच्या बुटाला हात लावून नमस्कार केला. "आधीच करून ठेवते," म्हणाली. "म्हणजे नंतर सारखं सारखं नको." इतके आठवडे हे मला सुचलं नव्हतं.

आणि ती पावलं टाकायला लागली. तो त्रिकोण कुणी तिला समजावला नाही. ती झिम्म्याच्या पावलांनी आली, अप्पा त्यांच्या पावलांनी, आणि दोघांचा गुडघा एकाच वेळी सुटायला लागला. अप्पांनी एकदा तिला पाडलं, अलगद, कपडा ठेवावा तसं. ती उठली. पुन्हा पाय पुढे. मग तिने कमरेतून अशी काही गिरकी घेतली आणि तिचा पाय कुठून तरी त्यांच्या घोट्यामागे गेला की अप्पा गवतावर आडवे. "क्या बात है, आंटीजी!" बाल्कनीतून शिट्ट्या झाल्या. अप्पा पडल्या पडल्या हसत होते, त्यांच्या वरच्या दातांच्या जागी नुसत्या हिरड्या होत्या हे मला तेव्हा कळलं. उठले आणि "इक्!" म्हणाले. आईच्या तोंडातून उत्तर गेलं. तो पकवा होता. पोटातून, ओठांवर फुटलेला, ताई गेल्यापासून आमच्या घरात कुणी न ऐकलेला.

मला वाटतं ते तिच्याही कानांवर तेव्हाच पडलं. तिने दोन्ही हात एकमेकांवर आडवे करून पुढे केले. अप्पांना वाटलं हा नवीन डाव. त्यांनी आपले हात तिच्या हातात दिले. ती मागे रेलली. तेही रेलले, दुसरं काय करणार? आणि माझी आई आणि तो कोरियन म्हातारा त्या ओल्या कपड्यांखाली फुगडी घालायला लागले. एक फेरी, दुसरी, वेग आला. आईचे डोळे मिटलेले होते. तिची वेणी उडाली. मग तिने डोळे उघडले, समोर बघितलं, आणि तिला अप्पा दिसले.

तिचे पाय जागच्या जागी थांबले. हात सुटले. "रेवा," ती म्हणाली, हाक मारल्यासारखी, आत्ता इथे होती अशी. ती गवतावर बसली आणि रडायला लागली. मोठ्याने. पुण्यात, सगळे आलेले असताना, ती रडली नव्हती. ते सगळं हॅरिस पार्कच्या अंगणात, आमच्याच ओल्या चादरींखाली बाहेर आलं. काकाकुवा उडाले. बाल्कनीतल्या पोरांनी गाणं बंद केलं आणि ती एकेक करून आत गेली.

अप्पांनी तिला उठवलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी आपला पाय पुढे केला. तेवढंच. तसेच उभे राहिले.

नेमके तेव्हा बाबा बाजार घेऊन आले. त्यांना काय दिसलं असेल ते मी समजू शकते. बायको जमिनीवर आक्रोश करतेय आणि समोर तो माणूस पवित्र्यात उभा. बाबांच्या हातातल्या पिशव्या सुटल्या, बटाटे उतारावरून गडगडत गेले आणि माझे बाबा, ज्यांनी फक्त रिक्षासाठी हात उचलला होता, दोन्ही मुठी वळून अंगणात धावले. "माझ्या बायकोला लाथ मारतो? गुरुजी म्हणालो तुला!"

"अहो, थांबा," आई रडता रडता म्हणाली. "त्यांनी काही केलं नाही. बसा इथे."

बाबा थांबले. वळलेल्या मुठींचं काय करायचं ते त्यांना कळेना. मग ते इस्त्रीच्या पॅन्टीत तिच्या शेजारी ओल्या गवतावर बसले. "मला रेवा दिसली हो," आई म्हणाली. बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. बराच वेळ पुसला. तेव्हा मला कळलं की त्या घरात गप्प असणारी आई एकटीच नव्हती. मी बटाटे गोळा करत होते. मला दुसरं काही येत नव्हतं.

यानंतर आई बरी झाली असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी पुन्हा व्हायच्या आत थांबली. कित्येक दिवस तशीच थांबत राहिली. फक्त शनिवारी दुपारी ती टोपली घेऊन खाली जायची, आणि थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की टोपलीत कपडे नसतात. मला शिकवायचं दोघांनीही सोडून दिलं होतं. मी पायरीवर बसून बघायची. बाबांनी पट्ट्याची चौकशी बंद केली.

हिवाळा सरता सरता एका शनिवारी अप्पा आले नाहीत. सुनीने सांगितलं, छातीत कफ झालाय, हॉस्पिटलात ठेवलंय. आईने मऊ भात करून डबा पाठवला. तो डबा परत आला तेव्हा रिकामा होता. आमच्या हातात रिकामा डबा देताना सुनीने आईकडे बघितलं आणि आईला सगळं समजलं. सुनीच्या दुसऱ्या हातात शेल्यात गुंडाळलेला आमचा नारळ होता. अप्पांनी तो इतके महिने कपाटावर जपून ठेवला होता. "तो म्हणायचा, हे मुलीच्या घरच्यांचं आहे. शिकवून झालं की परत द्यायचं," सुनी म्हणाली. "पण शिकवून झालं नाही." आईने नारळ कानाशी धरून हलवला. आत खोबरं सुटून खुळखुळत होतं. तो आम्ही कधी फोडला नाही.

त्यापुढच्या शनिवारी मी अंगणात गेले. का गेले ते सांगता येणार नाही, सवयीने पाय गेले. कपड्यांची छत्री वाऱ्यावर रिकामी फिरत होती. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. आई आली, रिकामी टोपली कमरेवर. जिथे अप्पा उभे राहायचे त्या जागेकडे तिने बघितलं. गवत तिथे त्रिकोणात झिजलेलं होतं. ती त्यावर जाऊन उभी राहिली. टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि माझ्यासमोर पाय पुढे केला.

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"तुलाच म्हणतेय," ती म्हणाली. "ये."

मी गेले. पावलं टाकली, चुकीची. माझा पाय तिच्या पायाला लागला आणि माझा हात, काय करू, आपोआप खाली गेला. मी वाकले. तिने माझ्या खांद्याला एक बोट लावलं.

मी गवतावर पडले. ओलं गवत, वर रिकाम्या दोऱ्या आणि दोऱ्यांमधून खाली वाकून माझ्याकडे बघणारी आई. तिचे डोळे भरलेले होते. तिने पुन्हा पाय पुढे केला.

"ऊठ, ढब्बू," ती म्हणाली. "गुडघ्यातून."